किनाऱ्यावर तेल टर्मिनल कसं उभं राहतं, आणि कुठे चुकतं

भराव (धागाकर्ता)

तेल टर्मिनलविषयी मराठीत लिहिलं जातं ते दोनच वेळा. प्रकल्प जाहीर होतो तेव्हा, आणि आग लागते किंवा तेल सांडतं तेव्हा. मधल्या वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि खरं टर्मिनल घडतं ते त्याच वर्षांत. माझी नोकरी त्या काळातली: बोअरहोल, भराव, टाक्यांचे पाये. जेवढं हाताखालून गेलंय तेवढं लिहून ठेवतो. जहाजाच्या बाजूचं मला कमी कळतं, तिथे जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात पाण्यापासून. कच्चं तेल आणणारं मोठं जहाज, ज्याला व्हीएलसीसी म्हणतात, साधारण ३३० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असतं. पोटात सुमारे २० लाख पिंपं तेल. भरलेलं असताना ते २० ते २२ मीटर पाण्यात बुडतं, आणि तळाखाली डोलण्यासाठी, लाटेसाठी, साचणाऱ्या गाळासाठी आणखी पाणी सोडावं लागतं. एवढी खोली किनाऱ्याला लागून क्वचितच मिळते. मग तीन वाटा उरतात. खांबांवरचा लांब पूल, म्हणजे ट्रेसल, टाकून जेट्टी खोल पाण्यात न्यायची. किंवा गाळ उपसून खोल पाणी किनाऱ्याकडे आणायचं. किंवा जेट्टीच बांधायची नाही: खुल्या समुद्रात तरंगता बोया नांगरायचा, जहाज त्याला बांधायचं आणि तेल समुद्रतळावरच्या नळातून जमिनीवर घ्यायचं. अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे १८ मैल आत, ११० फूट पाण्यात, १९८१ पासून असे बोये चालू आहेत.

कागदावर गाळउपसा सगळ्यात सोपा दिसतो. पण समुद्राने हजारो वर्षांत जो तळ बसवलाय त्यात आपण खड्डा करतो, आणि समुद्र तो पुन्हा भरायला लागतो. दरवर्षी किती गाळ येईल हा आकडा चुकला तर टर्मिनल जन्मभर ड्रेजरच्या, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या, मागे धावतं. म्हणून लाटा, प्रवाह, वारा आणि गाळ यांची मोजणी सगळे ऋतू धरून निदान पूर्ण वर्षभर व्हायला हवी. घाई असते तेव्हा पहिली काटछाट इथेच होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शांत महिन्यांचे आकडे हाती असतात, वादळी महिन्यांचे संगणकाकडून काढले जातात, आणि अहवालात दोन्ही एकाच रंगाच्या रेघेने छापले जातात.

आता माझ्या आवडीचा भाग, जमीन. टाक्यांना सपाट, मोठी जागा लागते आणि किनाऱ्यावर ती बहुधा खाजणाची किंवा भरावाची असते. ६० मीटर व्यासाची, २० मीटर उंच टाकी धरा. तिच्यात ५६ हजार घनमीटरहून जास्त द्रव मावतो. पाण्याने भरली तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर २० टन. जमीन दबणारच. सगळीकडे सारखी दबली तर फार बिघडत नाही, नळांचे जोड तेवढे सांभाळावे लागतात. मध्यभाग कडेपेक्षा थोडा जास्त खचतो, तेही तळाचा पत्रा सहन करतो. जीव घेते ती कडेची असमान खचण. टाकीची भिंत आणि तळ जिथे काटकोनात जोडलेले असतात तिथे एका बाजूने आधार गेला की तो जोड उघडतो.

जपानमधल्या मिझुशिमाला १८ डिसेंबर १९७४ ला हेच झालं. रिफायनरीतली ५० हजार किलोलिटरची नवी टाकी होती. पाया तयार झाल्यानंतर टाकीच्या अगदी कडेला एका उभ्या शिडीच्या आधारासाठी खोदकाम झालं. तो भाग परत भरला गेला, पण आजूबाजूइतका घट्ट बसला नाही. तेलाच्या वजनाखाली तिथेच तळ फुटला. सुमारे ४३ हजार किलोलिटर जड तेल बाहेर पडलं. तेलाच्या लोंढ्याने ती शिडी उखडली आणि तिच्याच तडाख्याने भोवतालचा बंधारा फुटला. हजारो किलोलिटर तेल सेतोच्या अंतर्समुद्रात गेलं. तिथली मासेमारी आणि समुद्रशेवाळाची शेती यांचं किती नुकसान झालं हे पाहून जपानने पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, अशा तेलसंकुलांसाठी वेगळा कायदा केला.

मला या घटनेने झोप लागू दिली नव्हती, कारण शिडी हे काम कुणाच्याच खात्यात नीट बसत नाही. पायावाल्याचं काम संपलेलं, टाकीवाल्याच्या दृष्टीने ती जोडवस्तू. माझं सगळं म्हणणं या धाग्यात एवढंच आहे: टर्मिनलमधली प्रत्येक वस्तू तिच्या तज्ज्ञाने नीट केलेली असते. घात होतो तो दोन तज्ज्ञांच्या हद्दी मिळतात त्या सांध्यात. आखणी करताना त्या सांध्यांची यादी वेगळी करावी लागते आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव लिहावं लागतं.

वाचनमात्र

फार दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. एक प्रश्न. जमीन एवढी वाईट असेल तर तिथे बांधतातच कशाला? आणि बांधायचंच असेल तर तिला घट्ट करता येत नाही का?

भराव

येते ना. वेळ द्यावा लागतो. मऊ चिकणमातीतलं पाणी बाहेर काढणं हेच मुख्य काम. मातीत दर एक-दोन मीटरवर उभ्या निचरापट्ट्या खुपसतात, वर मातीचा किंवा वाळूचा डोंगर रचतात आणि वाट बघतात. माती वजनाखाली पाणी सोडते, बसते, मग डोंगर उचलून पुढच्या जागी नेतात. कित्येक महिने जातात. दगडी स्तंभ घालतात, वाळू असेल तर खोलवर थरथरवून घट्ट करतात, आणि काहीच जमत नसेल तर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर, जाडजूड काँक्रीटची फरशी.

वाळूचं सांगायला हवं, कारण ती फसवते. एरवी ती चांगला आधार देते. पण सैल, पाण्याने भरलेली वाळू भूकंपात हादरली की कण एकमेकांना सोडतात आणि काही क्षण ती द्रवासारखी वागते. जून १९६४ च्या निगाता भूकंपात हे जगाने पाहिलं. इमारती न मोडता आडव्या झाल्या, आणि तिथल्या रिफायनरीतल्या टाक्यांची आग जवळजवळ दोन आठवडे जळत राहिली.

त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्काच्या भूकंपात जुन्या वाल्डीझ गावची गोदी पाण्याखालच्या भूस्खलनात माणसांसकट समुद्रात गेली होती. ते गाव नंतर दुसऱ्या जागी हलवलं. १९७७ मध्ये सुरू झालेलं अलास्का पाइपलाइनचं टर्मिनल त्याच खाडीत आहे, पण समोरच्या, कातळाच्या काठावर. जागा निवडताना आधी जमिनीला विचारलं तर काय फरक पडतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

जोडकाम

मी टाक्यांच्या वेल्डिंगची तपासणी करतो. भराव यांचं बरंचसं पटतं, पण सगळं सांध्यांवर ढकलू नका. कधी कधी काय करायला हवं ते सगळ्यांना ठाऊक असतं, कुणाच्या हद्दीत आहे तेही ठाऊक असतं, आणि तरी केलं जात नाही.

टाकी बांधून झाली की ती पाण्याने काठोकाठ भरून पाहायची असते. हायड्रोटेस्ट. कच्च्या तेलापेक्षा पाणी जड, म्हणून या परीक्षेत टाकी उतरली तर तेलाचं वजन तिला हलकंच. टप्प्याटप्प्याने भरायची, प्रत्येक टप्प्याला परिघावरच्या खुणांची पातळी मोजायची, पूर्ण भरल्यावर तशीच धरून ठेवायची. यात दिवस जातात, आणि गोडं पाणी एवढं आणायचं कुठून हा प्रश्न असतो. खारं पाणी वापरलं तर नंतर धुवावं लागतं, नाहीतर पत्रा खातं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये, मोनोंगहेला नदीच्या काठी, एक टाकी दुसऱ्या गावाहून सुटी करून आणून पुन्हा उभी केली होती. पोलाद चाळीसहून जास्त वर्षं जुनं. पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून चाचणी केली नव्हती, तळात थोडंसं पाणी भरून भागवलं होतं. २ जानेवारी १९८८, कडाक्याची थंडी, डिझेल पहिल्यांदा वरपर्यंत भरत आलेलं. पत्र्यात जुना दोष होता, तिथून चीर निघाली आणि टाकी वरपासून खालपर्यंत एका झटक्यात फाटली. जुनं पोलाद थंडीत काचेसारखं वागतं. सुमारे ३९ लाख गॅलन डिझेल बाहेर आलं, त्यातलं कितीतरी बंधाऱ्यावरून उडून नदीत गेलं. खालच्या बाजूच्या सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला झळ लागली.

पाणी भरलं असतं तर टाकी पाण्यासकट फाटली असती. पाणी नदीत गेलं असतं.

मी एका कामावर होतो तिथे चाचणीचं पाणी तीन-चतुर्थांश उंचीवर थांबवून "उरलेलं गणिताने दाखवू" असं सुचवलं गेलं होतं. मी सही केली नाही. त्या टाकीत पुढे काही दोष निघाला नाही, तरीही सही न केल्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही.

भराव

तुमचं बरोबर आहे, जोडकाम. तुमच्या आणि माझ्या उदाहरणात एक गोष्ट सारखी आहे, ती मी आधी लिहायला हवी होती. दोन्ही ठिकाणी बंधारा होता. साधारण नियम असा की आवारातल्या सगळ्यात मोठ्या टाकीतलं सगळं तेल मावून वर थोडी जागा उरावी, बऱ्याच ठिकाणी ११० टक्के धरतात. हे गणित स्थिर तेलाचं. टाकी हळूहळू गळली तर बंधारा पुरतो. एकदम फाटली तर तेल लाटेसारखं येतं, भिंतीवर चढतं आणि पलीकडे जातं. म्हणून टाकीचा तो बंधारा शेवटचा मानायचा नाही. त्याच्यामागे आवाराचा उतार, पावसाच्या पाण्याच्या गटारांची दारं, आणि समुद्राच्या बाजूला आणखी एक अडसर हवा. पावसाच्या गटाराची झडप एरवी बंद असायला हवी. भरपावसात ती उघडी राहते आणि नंतर लावायची विसरते. अशी साधी झडप बंधाऱ्याची अख्खी किंमत शून्य करते.

सुकाणू

बरीच वर्षं टँकरवर काढली, शेवटी चीफ ऑफिसर होतो. जहाजाची बाजू सांगतो.

जमिनीवरच्या माणसाला जेट्टी ही इमारत वाटते. आमच्यासाठी ती एक टेकायची जागा. साडेतीन लाख टन वजन सेकंदाला १०-१५ सेंटीमीटर वेगाने बाजूला सरकत येतं, मुंगीच्या चालीने म्हणा, आणि ते वजन फेंडरने, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्यांनी, झेलायचं असतं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून टगवाल्याच्या, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीवरच्या माणसाच्या, हातातली थोडीशी चूक जेट्टीवाल्याच्या गणितात मोठी होते. मधला प्लॅटफॉर्म, जिथे लोडिंग आर्म, म्हणजे जहाजाला जोडायचे हलते नळ, असतात, त्याला जहाज कधीच टेकू द्यायचं नसतं. टेकायचं ते दोन्ही अंगांच्या ब्रेस्टिंग डॉल्फिनना, आणि दोर जातात मागच्या मूरिंग डॉल्फिनना. डॉल्फिन म्हणजे पाण्यात सुटे उभे केलेले भक्कम आधार.

इथे एक चूक वारंवार होते. डॉल्फिनमधलं अंतर सगळ्यात मोठ्या जहाजासाठी ठरवतात. जहाजाची बाजू मध्यावरच सरळ असते, पुढे-मागे ती आत वळते. लहान जहाज आलं की त्याची सरळ बाजू दोन डॉल्फिनपर्यंत पोचतच नाही. एका नव्या टर्मिनलवर आम्ही अशा लहान जहाजाने गेलो होतो. आखणीच्या वेळी फक्त मोठी जहाजं येतील असं धरलं होतं, नंतर धंदा बदलला. पायलटने, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकाराने, दोनदा प्रयत्न केला आणि जहाज परत बाहेर नेलं. पुढे तिथे मधे आणखी दोन डॉल्फिन बांधले, चालू टर्मिनलमध्ये, तेल वाहणाऱ्या नळांशेजारी पाइल ठोकून. ते आधी बांधणं किती सोपं होतं.

दुसरं, भरलेलं जहाज रिकामं होताना दहा मीटरहून जास्त वर येतं. त्यात भरती-ओहोटी मिळवा. लोडिंग आर्मने एवढी सगळी उंची आणि शिवाय पुढे-मागे सरकणं पुरवायला हवं. लाटरोधक भिंतीच्या आत पाणी आरशासारखं दिसत असलं तरी मिनिट-दीड मिनिटाला एक अशा लांब पल्ल्याच्या लाटा आत शिरतात. डोळ्याला दिसत नाहीत. जहाज मात्र दोरांवर पुढे-मागे झुलायला लागतं आणि दोर तुटतात. त्यांची मोजणी वेगळी मागावी लागते.

आणि सांध्यांचंच म्हणाल तर जहाज आणि किनारा यांच्यामधला सांधा सगळ्यात नाजूक. ८ जानेवारी १९७९, आयर्लंडमधलं व्हिडी बेट, बँट्री उपसागर. बेटेलजूझ नावाचं टँकर तेल उतरवायला जेट्टीला लागलेलं असताना मध्यावर मोडलं आणि स्फोट झाला. पन्नास माणसं गेली, त्यांत जहाजावरची होती, जेट्टीवरचीही होती. नंतर अवशेष काढताना आणखी एक पाणबुड्या गेला. चौकशी आयोगाने जहाजाचा गंजलेला सांगाडा आणि माल-पाण्याचं चुकीचं वाटप हे कारण दिलं. पण टर्मिनलबद्दलही लिहिलं: जेट्टीच्या अग्निशमन नळात कायम दाब ठेवलेला नव्हता, आणि माणसांना निसटून जायला योग्य बोट नव्हती. जेट्टी बेटापासून सुटी, पाण्यात उभी होती. चालत परत यायला वाट नव्हती.

मी त्यानंतर प्रत्येक जेट्टीवर पहिल्यांदा हेच बघत आलो: इथून मागे पळायची वाट कुठे आहे, आणि ती आगीच्या पलीकडून जाते की आगीतून.

वाचनमात्र

वाचून अंगावर काटा आला. एक अगदी प्राथमिक शंका: काही बिघडलं तर पटकन झडप बंद करायची, एवढं पुरत नाही का?

सुकाणू

पटकन, हाच घोटाळा. नळातलं तेल म्हणजे चालती आगगाडी. सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहणारं तेल एकाएकी अडवलं तर दाब सुमारे २५ बारने वाढतो, आधीचा दाब वेगळा. लोडिंग आर्म आणि होज फुटायला तेवढा पुरे. बरं, "एकाएकी" म्हणजे किती? दाबाची लाट तेलात सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावते. तीन किलोमीटर नळ असेल तर तिला टोकाला जाऊन परत यायला सहा सेकंद. झडप त्याच्या आत बंद झाली तर ती एकाएकी बंद झाल्यासारखीच. म्हणून नळ जितका लांब तितकी झडप सावकाश.

आता जहाजावरची झडप किती वेळात बंद होते ते जहाजवाल्याला माहीत, किनाऱ्यावरची किती वेळात ते टर्मिनलला. दोघांनी तेल सुरू होण्याआधी बसून, एकाच कागदावर, हे आकडे एकमेकांना सांगायला हवेत. शिप-शोअर चेकलिस्ट म्हणतात ती हीच. त्यात आणखीही असतं: सुरुवातीला तेल सेकंदाला एक मीटरहून जास्त वेगाने सोडायचं नाही, कारण टाकीतलं नळाचं तोंड बुडेपर्यंत स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. जहाज आणि जेट्टीमध्ये विजेचा रोधक सांधा हवा. जहाजाच्या टाक्यांत प्राणवायू आठ टक्क्यांच्या खाली हवा. मी अशा बैठका पाच मिनिटांत उरकलेल्या पाहिल्यात आणि पाऊण तास चाललेल्याही. पाऊण तासवाल्या टर्मिनलवर मला गाढ झोप लागायची.

निळा_आराखडा

मी परवानग्यांच्या बाजूला काम केलंय. भराव यांची सांध्यांची कल्पना आमच्या खात्यालाही लागू पडते, आणि तिथला सांधा म्हणजे प्रकल्पाची व्याख्या. टर्मिनल कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं? कुंपणापाशी? जेट्टीच्या टोकाला? की जहाज जिथून जातं त्या सगळ्या वाटेवर?

कॅनडात ट्रान्स माउंटन पाइपलाइनच्या विस्ताराबरोबर बर्नबीच्या वेस्टरिज टर्मिनलवरची टँकर वाहतूक कितीतरी वाढणार होती. मूल्यमापनात प्रकल्पाच्या व्याख्येतून समुद्रावरची वाहतूक वगळली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने मंजुरी रद्द केली. दोन कारणं दिली: समुद्री वाहतूक वगळायला आधार नव्हता, आणि आदिवासी समुदायांशी केलेली सल्लामसलत खरी नव्हती, नुसती टिपणं घेण्यापुरती होती. त्याच समुद्रात ऑर्का देवमाशांचा एक अतिशय छोटा, संकटात सापडलेला गट राहतो, आणि जहाजांचा आवाज त्यांच्या शिकारीच्या आड येतो. पुन्हा अभ्यास झाला, २०१९ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली, आणि तेल वाहायला १ मे २०२४ उजाडला. सुरुवातीलाच व्याख्या मोठी ठेवली असती तर हा फेरा टळला असता असं मला ठामपणे वाटतं.

याउलट स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचं सलम व्हो टर्मिनल. १९७१ मध्ये ब्रेंट तेलक्षेत्र सापडलं आणि तेलकंपन्या किनारा शोधायला लागल्या. तिथली स्थानिक परिषद लहान, पण तिने वाट पाहिली नाही. १९७४ मध्ये संसदेकडून स्वतःसाठी कायदा करून घेतला: जमीन घेण्याचा अधिकार परिषदेकडे, बंदराचा कारभार परिषदेकडे. बेटांवर प्रत्येक कंपनीचं वेगळं टर्मिनल होणार नाही, सगळ्यांचं एकच, एकाच जागी, असा आग्रह धरला. पर्यावरण सल्लागार गटही तेल येण्याआधीच बसवला. त्या गटाच्या किनारा-नोंदी वर्षानुवर्षं चालू राहिल्या, म्हणून आज तिथे "आधी इथे काय होतं" याचं उत्तर कागदावर आहे.

सुकाणू

सलम व्होबद्दल एक भर. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिथे तेल आलं आणि ३० डिसेंबरला एसो बर्निशिया हे टँकर जेट्टीला लागताना एका टगवर आग लागली, तिने दोर सोडला, आणि जहाज जेट्टीच्या डॉल्फिनवर आदळलं. हजार टनांहून जास्त इंधनतेल खाडीत गेलं. एवढी चांगली आखणी असूनही टगची आखणी त्यात कमी पडली. एक टग गेला तर उरलेले जहाज धरू शकतील का, हा प्रश्न जेट्टीच्या नकाशावर दिसत नाही. तो विचारायला पायलटना आखणीच्या खोलीत बोलवावं लागतं. सिम्युलेटरवर वाईट वारा, वाईट प्रवाह आणि एक टग बंद, असं करून बघावं लागतं, आणि तेही जेट्टीची दिशा पक्की होण्याआधी.

ओहोटी

मी मासेमारी करणाऱ्या घरातली. आमच्या किनाऱ्यावर असा प्रकल्प येऊ घातलाय. जागेचं नाव लिहीत नाही, कारण सुनावणी व्हायची आहे. वरचे सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. तुम्ही सगळे अपघाताचं बोलताय. आम्हाला अपघाताची भीती आहेच, पण त्याआधी बांधकामाची आहे. दोन-तीन वर्षं पाइल ठोकणार, गाळ उपसणार. पाणी गढूळ राहणार. जेट्टीभोवती जाळी टाकायला बंदी. माशांची अंडी घालायची जागा नेमकी उथळ पाण्यात असते. अहवालात "तात्पुरता परिणाम" असे दोन शब्द आहेत. ज्याची नाव छोटी आहे त्याला दोन हंगाम म्हणजे तात्पुरतं नसतं. भराव, तुम्ही जिथे काम केलं तिथे हे कुणी मोजलं होतं का? खरं सांगा.

भराव

खरं सांगतो. एका ठिकाणी मोजलं होतं, बाकीच्या ठिकाणी नाही. जिथे नाही मोजलं तिथे मीही विचारलं नाही. माझं काम जमिनीखालचं आहे असं समजून गप्प बसलो. मी वर सांध्यांबद्दल एवढं लिहिलं, आणि हा सांधा माझ्या यादीत नव्हता.

जिथे मोजलं तिथे काय केलं ते लिहितो, तुम्हाला सुनावणीत उपयोगी पडेल. गाळउपसा अंडी घालायच्या महिन्यांत बंद. ड्रेजरच्या आजूबाजूला गढूळपणा मोजणारी यंत्रं, मर्यादा ओलांडली की काम थांबवायचं, आणि थांबवायचा अधिकार ठेकेदाराकडे नाही, वेगळ्या माणसाकडे. पाइल ठोकताना भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात, त्याने पाण्यातला आवाज बराच कमी होतो. सुरुवातीचे घाव हळू मारायचे, म्हणजे जवळचे प्राणी दूर जातात. उपसलेला गाळ कुठे टाकणार ती जागा आधीच नकाशावर, आणि तो गाळ तपासलेला. जुन्या बंदराजवळचा गाळ असेल तर त्यात काय काय साचलेलं असतं. बांधकामाआधी मासेमारांच्याच नावांतून जाळी टाकून नोंदी केल्या होत्या, कुठे, कधी, किती मिळालं याच्या. भरपाई त्या नोंदींवर ठरली. भांडणं झालीच, पण भांडायला आकडे होते.

जोडकाम

ओहोटीताई, एक सुचवतो. सुनावणीत टाक्यांबद्दल विचाराल तेव्हा छपराबद्दल विचारा. कच्च्या तेलाच्या टाकीचं छप्पर तेलावर तरंगतं, म्हणजे वर वाफ साचत नाही. मोठ्या भूकंपाची लांब, संथ थरथर शेकडो किलोमीटर जाते आणि टाकीतलं तेल हेलकावे घ्यायला लागतं. सप्टेंबर २००३ मध्ये जपानच्या तोकाची-ओकी भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब असलेल्या तोमाकोमाईत छपरं बुडाली. एक टाकी लगेच पेटली, दुसरी दोन दिवसांनी, बुडालेल्या छपराच्या वर उघडं पडलेलं तेल होतं ती. तिथे जमीन धड होती, पाया धड होता. तेव्हा "भूकंप इथून लांब होतात" हे उत्तर पुरेसं धरू नका.

आणि टाकी उतू जाऊ नये म्हणून पातळी मोजणारं यंत्र आणि वरची धोक्याची खूण ही दोन स्वतंत्र हवीत. इंग्लंडमध्ये बन्सफील्डला ११ डिसेंबर २००५ ला मोजणारा काटा अडकला होता आणि स्वतंत्र स्विचही चालला नाही. पेट्रोल टाकीवरून वाहत राहिलं, वाफेचा ढग पसरला, पहाटे स्फोट. ते किनाऱ्यावरचं नाही, पण टाकी तीच. स्विच शेवटचा कधी तपासला, कुणी, याची वही बघायला मागा.

ओहोटी

लिहून घेतलं. भराव, तुमचं उत्तर आवडलं म्हणणार नाही, पण सरळ दिलंत म्हणून आभार. आणखी एक: आमच्या अहवालात लाटांची मोजणी कधीपासून कधीपर्यंत केली ते कुठे शोधू? जाड चारशे पानी आहे.

भराव

मुख्य अहवालात सापडणार नाही. परिशिष्टांत "लाट व प्रवाह मापन" असं काहीतरी असेल. तिथे उपकरण टाकल्याची आणि काढल्याची तारीख बघा, आणि मधे किती दिवस बंद पडलं होतं तेही. मग जाळी न टाकता येण्यासारखा समुद्र तुमच्याकडे कोणत्या महिन्यांत असतो ते तुमच्या घरच्यांना विचारा आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहा. ते महिने मोजणीत नसतील तर जेट्टीची दिशा, डॉल्फिनची उंची, वर्षातले किती दिवस जहाज लागू शकेल, यातलं काहीच पक्कं नाही. त्या एका मुद्द्यावर मी तुमच्यासाठी टिपण लिहून देतो, निरोपातून पान पाठवा.

सुकाणू

मूरिंगचा, म्हणजे जहाज जेट्टीला बांधून ठेवण्याचा, तक्ताही मागून घ्या: किती वाऱ्याला आर्म सोडवायचे, किती वाऱ्याला जहाज बाहेर काढायचं. तक्ता तयार झालेला नसेल तर तसं लेखी मागा. पान मिळालं की मलाही पाठवा, टगचं मी बघतो.